ताईचे ठोके

प्रयोगशाळेत तिला सगळे सुईणबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याने चपखल ठेवलं होतं. माणसाचं थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना चुचकारत मागे मागे नेऊन पार गर्भातल्या कोवळेपणापर्यंत पोहोचवायचं, आणि तिथून पुन्हा त्यांची समजूत काढून त्यांना हृदयाच्या पेशी व्हायला लावायचं, हे तिचं काम. कागदोपत्री त्याला मूळपेशी उपचार म्हणत. इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोल्यांत मात्र साधी भाषा चाले. पेशी उबेत ठेवायच्या इनक्युबेटरची खोली म्हणजे पाळणाघर. रोज त्यांच्यावर घालायचा गुलाबी पोषकद्रव म्हणजे दूध. आणि तयार झालेला थर, जो पुढे वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी फाटक्या हृदयावर शिवला जाई, ते ठिगळ.

कालपर्यंत डिशच्या तळाशी मुकाट पडलेला तो थर एखाद्या सकाळी मायक्रोस्कोपखाली पाहावा, तर आपला आपणच आकसतोय, सैल पडतोय, पुन्हा आकसतोय. ना देह, ना मेंदू, ना कुणी सांगणारं. नव्याने कामाला लागलेले लोक पहिल्यांदा ते बघताना नकळत खुर्ची मागे सरकवत. ती मात्र म्हणायची, "लागलं बाळ रडायला," आणि पुढच्या डिशकडे वळायची.

अशा धीट बाईत एकच खोट होती. तिला एक भाऊ होता. आईवडील लवकर गेले आणि तिने त्याला लहानाचा मोठा केला, तेव्हापासून मन चिंती ते वैरी न चिंती अशी तिची गत. भाऊ पन्नाशीला टेकला, टक्कल पडलं, तरी तिच्या लेखी तो छोट्याच. लोकांना गाडी चालवायला शिकवणं हा छोट्याचा धंदा. शिकणारा माणूस स्टिअरिंगवर आणि हा शेजारच्या सीटवर, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन. त्याला घरी यायला जरा उशीर झाला की ही फोन लावत बसायची. फोन लागला नाही तर ही चपला घालून दारात उभी. तो चिडायचा, तिला भित्री भागूबाई म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वतःहून फोन करून सांगायचा की ताई, अजून आहे मी.

तर या छोट्याने एके दुपारी शिकणाऱ्याला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला सांगितलं आणि त्याला हृदयाचा झटका आला. जीव वाचला, पण हृदयाचा एक तुकडा कायमचा मेला. उरलेलं हृदय ओझं ओढत राहिलं आणि थकत गेलं. दोन पावलं चालला की भिंत धरायचा. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ठिगळ लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

छोट्याच्या रक्तातून पेशी वाढवायला घेतल्या, त्या मेल्या. पुन्हा घेतल्या, पुन्हा मेल्या. मग तिचं रक्त तपासलं. सख्ख्या भावंडांचं कधीकधी जुळतं, तसं यांचं तंतोतंत जुळलं. तिच्या पेशी अशा काही उगवल्या की पाळणाघरातल्या सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. रानात गवत माजावं तशा माजल्या. त्या पेशींचं ठिगळ तिने स्वतः वाढवलं, स्वतः भरवलं, आणि वर पाठवताना डबा छातीशी धरून लिफ्टपर्यंत नेऊन दिला. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हाच विचारून घेतलं होतं की या पेशींचा साठा करून ठेवला तर चालेल का, ज्यांना थांबायला वेळ नसतो अशांना, रक्त जुळत नसलं तरी औषधांच्या जोरावर, देता येईल. ती म्हणाली होती, घ्या की, माझं काय जातंय.

पाळणाघराचा एक रिवाज होता. प्रत्येक ठिगळाबरोबरची एक डिश मागे ठेवायची. तिला साक्षीदार म्हणत. वर रोग्याचं काही बिनसलं तर खाली साक्षीदार तपासायची. रोगी खडखडीत बरा झाला की ज्याने तिला भरवलं त्यानेच तिच्यावर ब्लीच ओतायचं, दुसऱ्या कुणावर ढकलायचं नाही. छोट्याची साक्षीदार अर्थातच तिच्याकडे होती.

ऑपरेशन झालं, छोट्याने डोळे उघडले, तिच्या जिवात जीव आला. आणि नेमक्या त्या सैल पडलेल्या मनाने तिने अशी चूक केली की तिथल्या कुणी ऐकली असती तर विश्वास ठेवला नसता. साक्षीदाराला दूध घालताना ते कोमट केलंच नाही. फ्रीजमधून काढलं आणि तसंच घातलं.

मायक्रोस्कोपखाली थर एकदा आकसला आणि थांबला. तिच्या छातीत धस्स झालं. गारव्याने पेशी थबकतात, ऊब मिळाली की चालू होतात, हे तिने कित्येकांना शिकवलं होतं. पण ती डिश छोट्याची होती. घटकाभराने थर पुन्हा हलायला लागला, आणि हलला तो वेड्यासारखा, भराभर, दम लागल्यागत. त्याच वेळी भिंतीवरचा फोन वाजला. वरून सांगत होते, लवकर या, भावाच्या ठोक्यांनी शर्यत लावली आहे.

ती वर पोहोचेपर्यंत औषध टोचून झालं होतं. छोट्या पांढराफटक पडला होता. मोठे डॉक्टर म्हणाले, नवं ठिगळ सुरुवातीला आपलाच ठेका धरतं, जुन्या हृदयाशी जमायला वेळ लागतो. पुस्तकात लिहिलेलं आहे, घाबरू नका. पण तिने खाली जे पाहिलं होतं ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. थंड दूध डिशमध्ये पडलं आणि शर्यत लागली छोट्याच्या छातीत.

त्या दिवसापासून ती त्या डिशची भुजंगासारखी राखण करू लागली. दुसऱ्या कुणाला इनक्युबेटरचं ते दार उघडू देईना. दूध हातावर घेऊन, मग मनगटावर घेऊन बघायची, एवढंसं गार वाटलं तरी ओतून द्यायची. दार लोटताना धक्का लागला तर तिथेच फोनच्या घंटेकडे कान लावून उभी. आणि एवढं डोळ्यांत तेल घालून जपूनही छोट्याच्या शर्यती काही थांबेनात. उलट वाढल्या. ती डिश तपासायला वाकली की थर सरळ चाललेला असे, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांदेखत तो पळायला लागे. मग फोन वाजे.

मोठ्या डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आणखी अशा दोन-चार शर्यती, मग हे हृदय पुन्हा उठायचं नाही, असं त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. भाऊ ऐकत असेल म्हणून हळू आवाजात सांगितलं, आणि तिने मान हलवली.

खरं काय ते कळलं एका शांत सकाळी. ती छोट्याच्या खाटेशी बसली होती. तो गाढ झोपला होता, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायचा तसाच. मॉनिटरच्या पडद्यावरची हिरवी रेघ एका लयीत चालली होती. तेवढ्यात तिचा मोबाईल थरथरला. पाळणाघरातून कुणीतरी सांगत होतं, तुमच्या इनक्युबेटरचा भोंगा वाजतोय.

तिचं काळीज तोंडाशी आलं. आणि पडद्यावरची रेघ उसळली.

छोट्या झोपेतच होता. त्याने भोंगा ऐकला नव्हता, फोन ऐकला नव्हता, पापणीही हलवली नव्हती. खालून लगेच दुसरा फोन आला, दार नीट लागलं नव्हतं, आता लावलंय, डिश ठणठणीत आहे, ऊब जराही उतरलेली नाही, नुसती पळतेय तेवढंच. ती सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच रेघही बसू लागली. तिने एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या नाडीवर ठेवली आणि पडद्याकडे बघत बसली. नाडीचा ठोका आणि रेघेचा ठोका, दोन्हींत केसाइतकंही अंतर नव्हतं.

डिशचा काही दोष नव्हता. डिश बिचारी छोट्यासारखीच. दोघं चालत होते सुईणबाईच्या ठेक्यावर.

मोठे डॉक्टर आधी हसले. मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. ते म्हणाले, मी इथे पडद्यासमोर बसतो, तुम्ही खाली जा, मनाला येईल तेव्हा जिन्याने वर धावत या, कधी ते मला सांगू नका. तिने तसं केलं. धापा टाकत ती दारात आली तेव्हा डॉक्टर चष्मा पुसत उभे होते, आणि बराच वेळ तो पुसतच राहिले.

"मध्ये कुठे थांबला होतात का?" त्यांनी विचारलं.

वाटेत स्ट्रेचर आडवं आलं होतं. त्याला वाट द्यायला ती जिन्याच्या वळणावर क्षणभर थांबली होती.

"हे कुठे बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला वेडी ठरवतील, आणि मला तर ठरवतीलच. तुम्ही फक्त एक करा. शांत राहा."

शांत राहा! असं सांगून माणसं शांत राहिली असती तर जगात औषधांची दुकानं अर्धी झाली असती. आपल्या भीतीने भाऊ मरेल, हे कळलेल्या बाईला सांगायचं की भिऊ नकोस. ती बसल्या जागी घाबरायची, मग आपण घाबरलो म्हणून घाबरायची, आणि वर छोट्या बिचारा खाटेची कड घट्ट धरून छताकडे बघत पडायचा. दीर्घ श्वास घेऊन झाले. डोळे मिटून बसून झालं. डॉक्टरांनी शांत करणारी गोळी दिली, ती घेऊन ती खुर्चीतच पेंगली, तर छोट्याचे ठोके इतके मंदावले की नर्स पळत आल्या. तीही वाट बंद झाली.

छोट्याला तिने काही सांगितलं नव्हतं. पण एका संध्याकाळी त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "ताई, तू दुपारी रडलीस ना?"

ती म्हणाली, छे, मी कशाला रडू.

"मग माझ्या छातीत कोण रडत होतं?"

तिने हात सोडवून घेतला, चादर सारखी केली, पाणी हवं का विचारलं.

छोट्याला वाचवलं ते एका कंडक्टरने. म्हणजे त्याला स्वतःला याचा पत्ता नव्हता. बसवर आयुष्य घालवून निवृत्त झालेला तो जाडजूड गृहस्थ, हृदय निम्मं निकामी झालेलं, थांबायला वेळ नाही, म्हणून डॉक्टरांनी साठ्यातलं ठिगळ त्याला लावलं. तिच्याच पेशींचं. माणूस असा बेफिकीर की ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवर घोरत होता. त्याचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून छोट्याची रेघ बरीच लयीत चालू लागली. ती घाबरत होती, पण तिची भीती पूर्वीसारखी वर चढत नव्हती. चढायला लागली की कुणीतरी खांद्यावर जड हात ठेवून खाली बसवल्यासारखं वाटे.

यातलं गणित तिला नवं नव्हतं. डिशमध्ये पेशींचा एकटा पुंजका असला की तो कसाही उड्या मारतो. शेजारी दुसरा येऊन चिकटला की दोघं एका ठेक्यावर येतात. आणखी येत गेले की ठेका पक्का होतो, मग एखादा बहकला तरी बाकीचे त्याला ओढून रांगेत आणतात. हे ती रोज बघत आली होती. फरक एवढाच की इथले पुंजके एकमेकांना चिकटलेले नव्हते, वेगवेगळ्या खाटांवर झोपलेले होते.

ती कंडक्टरला बघायला गेली. दाराच्या काचेतून नुसतं डोकावली. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याने मान वळवली, सरळ तिच्याकडे पाहिलं आणि हात छातीवर ठेवला.

"आपण कुठे भेटलोय का हो?" त्याने विचारलं.

ती नाही म्हणाली आणि तिथून सटकली.

पण रस्ता तिला सापडला होता. दुसऱ्या दिवशी तीच डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, साठ्यातली ठिगळं पडून का आहेत, जेवढे रोगी ताटकळले आहेत तेवढ्यांना लावून टाका, वाढवायचं माझ्याकडे लागलं. डॉक्टरांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. ती काय मागते आहे ते त्यांना कळलं, आणि वर माणसं खरोखरच मरत होती. ते हो म्हणाले. मग एक न्हावी झाला, एक इस्त्रीवाली झाली, गणिताच्या एक बाई झाल्या, मग मोजणं तिने सोडलं. सुट्टीच्या दिवशीही ती पाळणाघरात, कोमट दुधाची बाटली हातात. त्या माणसांना विचारायला हवं होतं की बाबांनो, हृदय दुरुस्त होईल पण ते निव्वळ तुमचं राहणार नाही, चालेल का? विचारायला हवं होतंच. पण सख्ख्या भावाचा जीव टांगणीला लागलेला असताना परक्याची परवानगी मागायला कोण जातं? तिने नाही मागितली. सगळे बरे होऊन हसत घरी गेले, जाताना पेढे नाहीत तरी फुलं देऊन गेले, आणि तिने ती पाळणाघराच्या खिडकीत लावली.

छोट्याही घरी आला. आधी जिना चढला, मग बाजार करू लागला, मग पुन्हा गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसला. तपासणीची रेघ बघून मोठे डॉक्टर म्हणायचे, माझी इतकी लयीत चालत नाही. साक्षीदाराची वेळ संपली होती. रिवाजाप्रमाणे तिनेच ब्लीच ओतलं. थर पांढरा पडला, आकसायचा थांबला, आणि तिने डिश डब्यात टाकून हात धुतले. हे करताना आपला हात कापेल, निदान घसा दाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिने पुढची डिश घेतली.

हळूहळू लोकांच्या लक्षात येऊ लागलं की सुईणबाई बदलली. पाळणाघरात एकदा शॉर्टसर्किट होऊन धूर झाला, सगळे ओरडत बाहेर पळाले, ही शांतपणे टेबल आवरून, पेनाला टोपण लावून बाहेर आली. सगळ्यांनी धीराचं कौतुक केलं. घरी दूध उतू जायचं आणि ही ते उतू जाताना बघत उभी असायची, गॅस बंद करायला हवा हे कळायचं, पण घाई व्हायची नाही. भावाबहिणीची भांडणं बंद झाली. पूर्वी टीव्हीच्या आवाजावरून, ओल्या टॉवेलवरून दोघं तासभर भांडत आणि मग हसत. आता एकजण बोलला की दुसरा बरं म्हणे. दारात चपला घालून उभं राहणं कधी सुटलं ते तिला आठवेना. जेवणाच्या सुट्टीतला छोट्याचा फोनही बंद झाला होता, आणि बंद झाला आहे हे तिच्या ध्यानात यायलाही बरेच दिवस गेले.

म्हणूनच एका दुपारी जेवताना दुसराच फोन आला तेव्हा तिने घास चावून, गिळून, मग उचलला. अनोळखी माणूस बोलत होता. तुमच्या भावाच्या गाडीला ट्रकने उडवलंय, त्यांना तुमच्याच इस्पितळात आणलंय, लवकर वर या.

ती ऐकत होती. प्रत्येक शब्द तिला नीट कळत होता. छोट्या, ट्रक, उडवलंय. आता धस्स होईल म्हणून ती वाट बघत राहिली. छातीत भिंतीवरच्या घड्याळासारखं टक, टक, टक चाललं होतं. तिने डबा बंद केला.

मग धावायला हवं म्हणून ती धावली. एक मजला चढली, दुसरा चढली. पायांना रक्त हवं होतं, श्वास कोंडत होता, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण हृदय काही वेग धरेना. घोरत पडलेला कंडक्टर, गिऱ्हाईकाची हजामत करणारा न्हावी, फळ्यावर गणित मांडणाऱ्या बाई, सगळे आपापल्या दुपारी निवांत होते, आणि त्यांनी तिलाही निवांत धरून ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर तिच्या पायातलं बळ गेलं. ती पायरीवर बसली. कुणीतरी पाणी आणून दिलं. पुढचे जिने ती कठड्याला धरून एकेक पायरी चढली.

छोट्या जिवंत होता. एक पाय मोडला होता, बरगड्यांना मार होता, शुद्धीवर होता. शेजारच्या कापडी पडद्याआड एक मुलगी कण्हत होती. नुकतीच नोकरी लागलेली, आठवडाभर त्याच्याकडे गाडी शिकत होती. तिच्या कपाळाला टाके घालत होते, आणि एक डोळा वाचेल की नाही ते उद्या कळणार होतं. तिची आई पडद्याबाहेर उभी होती. ती थरथरत होती, पदराचा बोळा तोंडात कोंबत होती, दर थोड्या वेळाने पडद्याला हात लावून मागे घेत होती. सुईणबाई त्या बाईकडे बघतच राहिली. तिला त्या बाईचा हेवा वाटला.

"ताई," छोट्या म्हणाला.

ती जवळ बसली.

"ट्रक समोरून येताना मला दिसला गं. चांगला लांबून दिसला. त्या पोरीला वळवता येत नव्हतं, ती किंचाळत होती. ब्रेक माझ्या पायाखाली होता."

"मग?"

"मला भीतीच वाटली नाही." तो छताकडे बघत सावकाश बोलत होता. "इतकी वर्षं पाय आपोआप पडायचा. छातीत एकदम धडधडलं की पाय ब्रेकवर. मी कधी विचार करून ब्रेक दाबलाच नव्हता, हे मला आज कळलं. ट्रक आला, आणि मी आपला शांत बसून बघत राहिलो."

पडद्याआड मुलगी आईला हाक मारत होती. छोट्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानशिलावरून उशीत गेलं. मॉनिटरवरची त्याची रेघ मात्र एका लयीत चालली होती.

"त्या पोरीसाठी मला खूप वाईट वाटतंय," तो म्हणाला. "वाटायला हवं तितकं वाटतंय. पण आत काही हलत नाहीये, ताई. तुला आत काही होतंय का?"

तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. दुसऱ्या हाताने स्वतःची नाडी धरली. मोठे डॉक्टर घाईघाईने आत आले, त्यांनी मॉनिटर पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या अपघातात ठोका जरासुद्धा ढळला नाही, ठिगळ म्हणजे ठिगळ आहे तुमचं. आणि जाता जाता दारातून सांगून गेले की उद्या आणखी तिघांना लावायचंय, तयार ठेवा.

ती हो म्हणाली. मग तिने खुर्ची छोट्याच्या खाटेला टेकवून घेतली, त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि तो मेला असता तर काय झालं असतं ते एकेक करून मनात आणू लागली. रिकामं घर आणलं. दारातल्या त्याच्या चपला आणल्या. आईचा तो शेवटचा दिवस आणला, त्याला सांभाळ म्हणाली होती तो. डोळे भरून वाहत होते, गालांवरून, हनुवटीवरून, त्याच्या हातावर पडत होते. छाती टक, टक, टक करत होती. पडद्याजवळची बाई हुंदके देत होती, आणि ती कान देऊन, दात आवळून, अंधार पडेपर्यंत भावासाठी घाबरायचा प्रयत्न करत बसली.